बिल्ड सक्सेसफुल, पण तिसरी पायरी कुठंय?

टेक्निकल रायटर म्हणजे सॉफ्टवेअर किंवा मशीन कसं वापरायचं हे सोप्या भाषेत लिहिणारा माणूस. त्याच्या हातात येणारं सॉफ्टवेअर मात्र दर काही वर्षांनी आणखी ताकदवान आणि आणखी किचकट होतंय. त्यानं काम पटकन होतं की आणखी लांबतं? एका टेक्निकल रायटर ताईच्या शेजारी दिवसभर बसून केलेली ही नोंद.

सकाळचे पावणेदहा. माझी मावसबहीण पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर आहे. आज तिचं वर्क फ्रॉम होम, म्हणून मी तिच्या टेबलाशेजारी प्लास्टिकची खुर्ची ओढून वही घेऊन बसलेय. तिच्या हातात चहाचा कप आणि स्क्रीनवर एक निळी पट्टी. अपडेट सुरू आहे, ३४ टक्के.

‘ताई, लिहायला कधी बसणार?’ मी विचारलं.

‘हे होऊ दे. मग लायसन्स परत ॲक्टिव्हेट करायचं. मग प्लगइन चालतंय का बघायचं. मग काल रात्री डेव्हलपर मंडळींनी काय काय बदललंय ते खाली उतरवून घ्यायचं. मग लिहू की!’

मी वहीत पहिली नोंद केली. ९.४५, लिखाण शून्य.

आता मी तिच्याकडे का गेले होते ते सांगते. मास कम्युनिकेशनचं शेवटचं वर्ष संपलं, सध्या इंटर्नशिप चालू आहे आणि पुढे काय हा प्रश्न घरात रोज जेवताना ताटात वाढला जातो. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांचा डोळा टेक्निकल रायटिंगवर आहे. लिहायचं काम, आयटीतला पगार, आणखी काय हवं? पण मी एक जॉब ॲड नीट वाचली आणि दचकलेच. त्यात अकरा टूल्सची नावं होती. ‘स्पष्ट आणि सोपं लिहिता येणं’ ही अट सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून टाकल्यासारखी. दुसरीकडे, ही टूल्स शिकवणाऱ्या एका कोर्सची फी ऐकली. माझा सहा महिन्यांचा स्टायपेंड त्यात जाईल. आईला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘एवढी सॉफ्टवेअर शिकल्यावर लिहायला वेळ कधी मिळणार?’

आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ताई.

कॅरीबॅगमधलं पुस्तक

मिक्सर घेतला की त्याच्यासोबत एक छोटं पुस्तक येतं. आपण ते न वाचता वॉरंटी कार्डासोबत कॅरीबॅगमध्ये घालून कपाटात ठेवतो आणि मिक्सर बंद पडला की घर डोक्यावर घेऊन शोधतो. ते पुस्तक कुणीतरी लिहिलेलं असतं. तो कुणीतरी म्हणजे टेक्निकल रायटर. मिक्सरच्या जागी बँकेचं सॉफ्टवेअर असेल, हॉस्पिटलमधलं मशीन असेल किंवा विमानाच्या देखभालीचं हजारो पानांचं मॅन्युअल असेल. काम तेच. ज्यानं वस्तू बनवली त्याला प्रश्न विचारायचे आणि ज्याला ती वापरायचीय त्याला कळेल असं लिहायचं.

म्हणजे हे थोडंसं आमच्यासारखंच झालं. पत्रकारही दुसऱ्याला प्रश्न विचारून तिसऱ्यासाठी लिहितो.

टूल्सचा वैतागही सारखाच निघाला. आमच्या डेस्कवर बातमी युनिकोडमध्ये टाइप होते, पण पानाच्या जुन्या सेटिंगसाठी ती जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करावी लागते. कन्व्हर्ट केलं की ‘दुसऱ्या’ आणि ‘तुमच्या’ यातला एखादा शब्द फुटतो आणि मग प्रत्येक ‘ऱ्या’ शोधत बसायचं. इंटर्न म्हणून पहिल्या आठवड्यात मी बातम्या कमी लिहिल्या आणि ‘ऱ्या’ जास्त दुरुस्त केले. त्यामुळे ताईच्या ३४ टक्क्यांवर अडकलेल्या पट्टीकडे बघून मला हसू येत नव्हतं.

एक दिवस, एक वही

दिवसभर मी वहीत चार रकाने केले. नवं लिहिणं, विचारणं आणि स्वतः करून बघणं, मीटिंग, आणि टूलशी झटापट.

टूलशी झटापट म्हणजे काय काय? अपडेट, लायसन्स, प्लगइन हे तर सकाळीच झालं. मग एका सहकाऱ्यानं आणि ताईनं एकाच फाइलमध्ये एकाच ओळीत बदल केला होता, त्याचा ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट’ आला. दोघांपैकी कुणाची ओळ ठेवायची हे ठरवायला दहा सेकंद लागली, पण सॉफ्टवेअरला ते समजावून सांगायला वीस मिनिटं. मग एका टेबलची रुंदी स्क्रीनवर बरोबर दिसत होती, पीडीएफमध्ये नाही. मग स्क्रीनशॉट बदलायचे, कारण डेव्हलपरनं बटणाचा रंग बदलला. मग रिव्ह्यूसाठी एका वेगळ्या टूलमध्ये चढवायचं, कारण रिव्ह्यू करणाऱ्या इंजिनीअरकडे ताईच्या टूलचं लायसन्स नाही. त्यानं तिथे दिलेल्या कॉमेंट ताईनं परत हातानं तिच्या टूलमध्ये आणल्या.

संध्याकाळी हिशोब केला. नवं लिहिणं एक तास वीस मिनिटं. विचारणं आणि करून बघणं सव्वादोन तास. मीटिंग दीड तास. टूलशी झटापट तीन तास पाच मिनिटं. उरलेली पाऊण तास जेवणाची सुट्टी, त्यातही फोन होताच.

हा एका माणसाचा एक दिवस आहे, यावरून जगाचं गणित मांडू नये हे मलाही कळतं. ताई म्हणाली, ‘आजचा जरा वाईट होता. पण फार वेगळा नव्हता.’

मी लगेच म्हटलं, ‘मग फेकून दे ना ते टूल! साधं वर्ड वापर.’

ताई हसली. ‘वर्डमध्ये असताना मी काय करायचे माहितेय? आमच्या प्रॉडक्टची चौदा गाइड्स आहेत. पासवर्डबद्दलचं एक वाक्य बदललं की चौदा फाइली उघडायचे, चौदा ठिकाणी बदलायचे आणि पंधरावी राहून गेली का या विचारानं रात्री जागी व्हायचे. आता ते वाक्य एकाच जागी आहे. तिथे बदललं की सगळीकडे बदलतं.’

गोष्ट इथे गुंतागुंतीची झाली. खलनायक वाटणारं टूल दुसऱ्या बाजूनं तिचा जीव वाचवत होतं.

किचकटपणा आला कुठून?

थोडा इतिहास चाळला तेव्हा लक्षात आलं की यातलं कुठलंही टूल कुणी छळायचं म्हणून बनवलेलं नाही. प्रत्येकाच्या मागे खरी अडचण होती.

शेकडो पानांचं पुस्तक साध्या वर्ड प्रोसेसरमध्ये सांभाळता येईना, म्हणून १९८० च्या दशकात फ्रेममेकर आलं. धडे, अनुक्रमणिका, ‘पान अमुक पाहा’ असे संदर्भ ते आपोआप सांभाळायचं. पुढे १९९५ मध्ये ॲडोबीनं ते विकत घेतलं. विंडोज घरोघरी पोहोचलं तशी कागदी पुस्तकाऐवजी स्क्रीनवरची ‘हेल्प’ लागायला लागली, म्हणून १९९२ मध्ये रोबोहेल्प आलं. त्यावर काम केलेल्या काही जणांनी नंतर मॅडकॅप ही कंपनी काढली आणि फ्लेअर नावाचं टूल बनवलं.

दरम्यान आयबीएमसारख्या कंपनीपुढे वेगळाच प्रश्न होता. हजारो प्रॉडक्ट, डझनावारी भाषा आणि तोच तोच मजकूर पुन्हा पुन्हा. तिथून डिटा ही पद्धत निघाली. यात पुस्तक लिहायचंच नाही. छोटे छोटे सुटे ‘टॉपिक’ लिहायचे. हे काय आहे ते सांगणारा वेगळा, कसं करायचं ते सांगणारा वेगळा, नुसती माहिती देणारा वेगळा. मग त्यांची हवी तशी माळ ओवायची. २००५ मध्ये डिटा अधिकृत स्टँडर्ड झालं. नावातला ‘डी’ चक्क डार्विनचा आहे. एका प्रकारापासून दुसरा प्रकार उत्क्रांत होत जातो, अशी त्यामागची कल्पना.

दुसरीकडे याच्या उलट वारं वाहत होतं. २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी मार्कडाउन आणलं. दोन चांदण्या टाकल्या की शब्द ठळक, एक हॅश टाकला की मथळा. इतकं सोपं. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट बनवलं. ते होतं प्रोग्रॅमरसाठी, पण ‘मजकूरही कोडसारखाच सांभाळू’ म्हणत लेखकही तिकडे गेले. मार्कडाउन पाच मिनिटांत येतं. गिट मात्र पाच मिनिटांत येतं असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणजे लिहिण्याची जागा सोपी झाली, पण लिहिलेलं सांभाळण्याची अवघड झाली. किचकटपणा गेला कुठेच नाही, त्यानं फक्त खोली बदलली.

कमांड दीड हजार, कामाच्या पाच

जे टूल आपण सगळे ओळखतो त्याचंच उदाहरण घेऊ. वर्डच्या पहिल्या आवृत्तीत साधारण १०० कमांड होत्या. वर्ड २००३ पर्यंत त्या १५०० च्या वर गेल्या. टूलबारच ३१ झाले होते. मग मायक्रोसॉफ्टनं लोक प्रत्यक्षात काय वापरतात याची आकडेवारी तपासली. सर्वाधिक वापरलेल्या पाच कमांड निघाल्या पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड. एकूण वापराच्या जवळपास ३२ टक्के वापर या पाचांचाच होता. या गर्दीतून वाट काढायला २००७ च्या आवृत्तीत जुने मेनू काढून ‘रिबन’ आणली गेली. त्या वर्षी ऑफिसा-ऑफिसांत ‘प्रिंट कुठे गेलं?’ असा आक्रोश झाला असणार.

‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले जॉर्ज आर. आर. मार्टिन तर आपल्या कादंबऱ्या अजूनही डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात. त्यांनी हे २०१४ मध्ये एका टीव्ही शोमध्ये सांगितलं तेव्हा लोक चाट पडले. अर्थात, त्यांना कादंबरीच्या चौदा आवृत्त्या एकदम बदलायच्या नसतात. आणि त्यांचं पुढचं पुस्तक किती वर्षं रखडलंय हे पाहता साधं टूल घेतलं म्हणजे काम वेगानं होतंच असंही नाही!

याच्या दुसऱ्या टोकाला डोनाल्ड क्नुथ. कॉम्प्युटर सायन्समधलं हे फार मोठं नाव. १९७७ मध्ये त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रुफं आली आणि छपाई बघून ते हिरमुसले. गणिताची अक्षरं त्यांना बेढब वाटली. मग त्यांनी ठरवलं, आपणच छपाईचं सॉफ्टवेअर बनवू. लवकर उरकेल असं वाटलेलं ते काम सुमारे दहा वर्षं चाललं. त्यातून टेक्स हे अफलातून सॉफ्टवेअर जन्माला आलं, जगभरचे गणितज्ञ आजही ते वापरतात. पण तेवढी वर्षं मूळ ग्रंथ मागे पडला. लेखक एकदा टूलच्या मागे लागला की काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला सापडलं नाही. क्नुथ यांच्याकडे त्या दहा वर्षांच्या बदल्यात दाखवायला टेक्स होतं. आपल्याकडे बहुतेक वेळा नुसती सेट केलेली टेम्पलेट असतात.

काम आहे म्हणून शिकायला वेळ नाही

वाचता वाचता मला १९८७ मधला एक लेख सापडला आणि ताईचा सगळा दिवस त्यात दिसला. जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन हे दोघं आयबीएमच्या संशोधन केंद्रात होते. लोक नवं सॉफ्टवेअर कसं शिकतात याचा त्यांनी अभ्यास केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. माणसाला सॉफ्टवेअर शिकायचं नसतं, त्याला हातातलं काम संपवायचं असतं. म्हणून तो मॅन्युअल वाचत नाही, थेट सुरू करतो. एक पद्धत जमली की तीच धरून बसतो, मग ती कितीही लांबची असो. वेळ काढून शिकला असता तर काम भराभर झालं असतं, पण काम आहे म्हणून शिकायला वेळ नाही. आणि शिकलेला नाही म्हणून काम संपत नाही.

यातली गंमत बघा. हा लेख मॅन्युअल न वाचणाऱ्या लोकांबद्दल आहे. आणि मॅन्युअल लिहिणारी माझी ताई नेमकी त्याच चक्रात अडकलीय. तिच्या टूलचं स्वतःचं मॅन्युअल शेकडो पानांचं आहे. मी विचारलं, ‘तू ते वाचलंयस?’

ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तू तुझ्या मोबाइलचं वाचलंयस?’

कॅरोल यांनी यावर उपायही सुचवला होता. मॅन्युअल छोटं करा, माणसाला पहिल्या पानापासून खरं काम करू द्या आणि चूक झाली तर बाहेर कसं पडायचं ते सांगा. आजही टेक्निकल रायटिंग शिकवताना हा विचार शिकवला जातो. पण रायटरला नवं टूल देताना कंपन्या तो विसरतात. दोन दिवसांचं ट्रेनिंग, एक रेकॉर्डिंगची लिंक आणि सोमवारपासून कामाला लागा.

तिसरी पायरी

जेवण झाल्यावर ताईनं एक गोष्ट सांगितली. कंपनीचं नाव नको, टूलचंही नको, असं म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी सगळा मजकूर जुन्या टूलमधून नव्यात हलवला. रिलीजची तारीख तीच ठेवून. त्यांचं प्रॉडक्ट गोदामं आणि कोल्ड स्टोरेजवाले वापरतात. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत, छोट्या गोदामांसाठी आणि मोठ्या. मजकूर दोन्हींसाठी एकच लिहायचा आणि जो भाग फक्त मोठ्यांसाठी आहे त्याला तशी खूण करायची, म्हणजे छोट्यांचं गाइड बनवताना टूल तो भाग आपोआप गाळतं. सोय उत्तम आहे.

अपग्रेडच्या प्रकरणात तिसरी पायरी होती, ‘पुढे जाण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या.’ हलवाहलवीत त्या पायरीला ‘फक्त मोठ्यांसाठी’ ही खूण चिकटली. कुणी चिकटवली ते आजवर कळलेलं नाही. छोट्यांच्या गाइडमधून ती पायरी गळली. बरं, एक, दोन, चार असं दिसलं असतं तर कुणाच्या तरी डोळ्यांना खटकलं असतं. पण आकडे टूलच देतं. त्यानं चौथीला तिसरी केलं, पाचवीला चौथी. पान एकदम व्यवस्थित दिसत होतं. टूलनं निरोप दिला, बिल्ड सक्सेसफुल, शून्य एरर.

‘त्या आठवड्यात मी रोज रात्री अकरापर्यंत बसत होते,’ ताई म्हणाली. ‘तुटलेल्या लिंक, उडालेले फॉन्ट, गायब झालेली चित्रं. सगळं दुरुस्त केलं. एकच गोष्ट केली नाही. तयार झालेलं गाइड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं नाही. वेळच नव्हता.’

तीन आठवड्यांनी सपोर्टमधून फोन आला. द्राक्षाच्या सीझनमध्ये एका छोट्या कोल्ड स्टोरेजवाल्यानं गाइड समोर ठेवून, एकेक पायरी करत अपग्रेड केलं. मध्येच वीज गेली. बॅकअप नव्हता. दोन दिवसांच्या आवक-जावकीच्या नोंदी गेल्या. कुणाचे किती क्रेट आत आहेत हेच कळेना. गेटवरच्या माणसानं जुन्या सवयीनं एका रजिस्टरमध्ये पेननं लिहून ठेवलं होतं म्हणून निभावलं. त्या रजिस्टरवरून दोन रात्री बसून त्यांनी सगळं परत भरलं.

‘त्या माणसानं काहीच चूक केली नव्हती. मी लिहिलं तसंच केलं होतं,’ ताई म्हणाली आणि थोडा वेळ गप्प बसली.

मग तिनंच पुढचं सांगितलं. दुरुस्ती करायला तिला वीस मिनिटं लागली. खूण काढली, ज्या ज्या गाइडमध्ये ते प्रकरण होतं ती सगळी एका झटक्यात नीट झाली. वर्ड असतं तर दोन दिवस गेले असते. पण वर्ड असतं तर ती पायरी अशी गुपचूप गळलीही नसती, हेही तीच म्हणाली.

मला हे महत्त्वाचं वाटतं. टूलनं लिहिण्याचा वेळ खाल्ला असता तरी चाललं असतं, कारण न लिहिलेलं पान दिसतं. इथे टूलनं वाचण्याचा वेळ खाल्ला आणि न वाचलेलं पान कुणालाच दिसत नाही. मॅनेजरच्या तक्त्यात तर तो आठवडा भारी गेला होता. ठरलेले सगळे टॉपिक वेळेत बंद!

तेव्हापासून ताईनं एक नियम केलाय. रिलीजच्या आदल्या दिवशी टूल बंद. तयार गाइडची प्रिंट काढायची, पेन्सिल घ्यायची आणि टेस्ट मशीनवर एकेक पायरी स्वतः करून बघायची. तो दिवस तिनं भांडून मिळवलाय.

आणि आता एआय

एआय सगळं सोपं करेल असं वाटत होतं. ताई वापरते. डेव्हलपरच्या तुटक नोंदींचा नीट परिच्छेद एका मिनिटात होतो, हे ती मोकळेपणानं सांगते. पण माझ्यासमोरच त्यानं एका सूचनेत ‘सेटिंग्जमध्ये जाऊन ॲडव्हान्स्ड निवडा’ असं लिहिलं. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲडव्हान्स्ड नावाचं काही नाहीच. वाक्य इतकं आत्मविश्वासानं लिहिलं होतं की मी असते तर सोडून दिलं असतं. ताईला ते तपासायला लागलेला वेळ धरला तर मिनिटाचं काम चौदा मिनिटांचं झालं.

यावरून एक संशोधन सांगते. ते टेक्निकल रायटरवर नाही, प्रोग्रॅमरवर आहे. मेटर या अमेरिकन संस्थेनं २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरना २४६ कामं दिली, काही एआय वापरून करायची, काही न वापरता. एआयमुळे आपण सुमारे २० टक्के वेगानं काम केलं असं त्यांना काम संपल्यावर वाटत होतं. प्रत्यक्षात एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला होता. टूल्स रोज बदलतायत, आकडाही बदलेल. पण वेगानं काम होतंय असं वाटणं आणि खरंच होणं यात फरक असतो, हे घड्याळ लावल्याशिवाय कळलं नसतं. ताईलाही माझी वही बघेपर्यंत आपण दिवसातले तीन तास झटापटीत घालवतो हे माहीत नव्हतं.

मग शिकायचं की नाही?

निघताना मी ताईला थेट विचारलं. तिनं दिलेली उत्तरं आणि माझं वाचन एकत्र करून हे काढलंय. टेक्निकल रायटिंगचा विचार करत असाल तर कापून ठेवा.

• टूलआधी मोजा. किती आवृत्त्या, किती भाषा, किती लेखक? एक लेखक, एक प्रॉडक्ट, एक पीडीएफ असेल तर वर्ड किंवा मार्कडाउन भरपूर झालं. मजकूर दहा ठिकाणी आणि आठ भाषांत जाणार असेल तर डिटासारखी मोठी पद्धत परवडते, कारण फक्त बदललेला तुकडा भाषांतराला पाठवता येतो.

• कल्पना शिका, बटणं नंतर. एकदा लिहिलेलं अनेक ठिकाणी वापरणं, सुटे टॉपिक, आवृत्त्या सांभाळणं या कल्पना एका टूलमध्ये कळल्या की दुसऱ्यात फक्त बटणाची जागा शोधायची. सुरुवातीला एक मार्कडाउन एडिटर आणि गिट पुरे, दोन्ही फुकट मिळतात.

• स्वतःची वही ठेवा. आठवडाभर वेळ लिहून काढा. ‘टूल त्रास देतंय’ या तक्रारीकडे मॅनेजर लक्ष देत नाही, ‘आठवड्याचे बारा तास गेले’ याकडे देतो.

• हलवाहलव आणि रिलीज एकाच महिन्यात आली तर तोंड उघडा. निदान शेवटचं वाचन वेळापत्रकात लिहून घ्या.

• मुलाखतीला जाताना नमुना न्या. घरातल्या एखाद्या वस्तूचं किंवा ॲपचं दोन पानी गाइड लिहा आणि ते आजीला देऊन बघा. ती कुठे अडली ते सांगता आलं तर अकरा टूल्सपैकी सात येत नसली तरी बोलायला विषय मिळतो.

मी शेवटचं आधीच करून पाहिलं. ‘यूपीआयनं पैसे कसे पाठवायचे’ हे मी एका पानात लिहून आजीला दिलं. साध्या वहीच्या कागदावर, निळ्या पेननं. मला ते परफेक्ट वाटत होतं. आजीनं चष्मा लावला, वाचलं, फोन हातात घेतला आणि विचारलं, ‘पण आधी हा फोन उघडायचा कसा, ते कुठं लिहिलंय?’

पहिली पायरीच राहिली होती. आणि माझ्याकडे तर दोष द्यायला टूलही नव्हतं.

कोर्सची फी अजून भरलेली नाही. आधी तो कागद परत लिहितेय, आजी पाच पायऱ्यांवर आलीय. आईचं म्हणणं, सहाव्या पायरीला तिच्या पैशांनी खरंच कुणाला तरी पैसे पाठवून बघ, म्हणजे बरोबर लिहिलंय का ते कळेल.